घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस: निवडीच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५

आई-बाबांकडचा संगणक आजपासून हाताशी घेतला. काम ठरलेलं आहे: त्यावर कुठलं अँटिव्हायरस ठेवायचं ते ठरवायचं आणि नीट लावून द्यायचं. नावांच्या याद्या चाळण्याआधी मशीन काय आहे आणि त्यावर कोण बसतं हे लिहून काढते, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

विंडोज १०, २२एच२ आवृत्ती. ८ जीबी रॅम. जुनी फिरणारी हार्ड डिस्क, वेगवान एसएसडी नाही. प्रोसेसर इंटेलच्या ७ व्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही.

बाबा बँकेची कामं, बिलं आणि ईमेल याच मशीनवर करतात. आई गोष्टी लिहिते. तिची सगळी हस्तलिखितं तिने स्वतः टाइप केलेली, ‘डॉक्युमेंट्स’मध्ये एका फोल्डरात, दुसरीकडे कुठेही प्रत नाही. भाचा सुट्टीला आला की गेम खेळतो. तिघंही एकाच खात्यातून, आणि ते खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं.

संगणकाबरोबर आलेलं एक अँटिव्हायरस आत आहे. ट्रायलची मुदत कधीच संपली आहे, पण ते हललेलं नाही. बाबा म्हणाले, “रोज धोका आहे, धोका आहे म्हणून सांगतंय. पैसे भरून टाकू का एकदाचे?” म्हटलं, थांबा, आधी काय सांगतंय ते मला बघू द्या.

२ नोव्हेंबर

बाबा नेहमीसारखी वर्तमानपत्रं वाचत बसले आणि मी शेजारी खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळात उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चौकट आली. लाल ढाल, उद्गारचिन्ह, ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा’ अशा अर्थाचा मजकूर आणि एका प्रसिद्ध अँटिव्हायरसचं नाव. बाबांचा हात माउसकडे गेला. मी चौकटीतली बारीक अक्षरातली ओळ दाखवली: क्रोमचं चिन्ह आणि त्यापुढे कुठल्याशा अनोळखी वेबसाइटचा पत्ता.

म्हणजे हे अँटिव्हायरस बोलतच नव्हतं. कुठल्या तरी वेबसाइटने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ असं सांगून नोटिफिकेशन पाठवायची परवानगी काढून घेतली होती, आणि त्या परवानगीच्या जोरावर ती रोज घाबरवत होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइटांची चांगली लांब यादी निघाली. सगळ्या काढल्या आणि यापुढे कोणत्याही साइटने विचारूच नये असं करून ठेवलं.

हे इथे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. जगातलं कितीही महाग अँटिव्हायरस आणून पूर्ण स्कॅन केलं असतं तरी ‘काही सापडलं नाही’ असंच उत्तर आलं असतं, कारण डिस्कवर वाईट फाइल नव्हतीच. ब्राउझरमध्ये दिलेली एक परवानगी होती, बस.

संध्याकाळी मुदत संपलेल्या खऱ्या प्रोग्रामचीही चौकट आली. तीही लाल. तिलाही घाई. ‘तुमचं संरक्षण संपलं आहे’ आणि खाली पैसे भरायचं बटण. खोटी आणि खरी शेजारीशेजारी ठेवली तर फरक सांगायला मला स्वतःला क्षणभर थांबावं लागलं. बाबा दोन्हींना एकच समजत होते यात त्यांचा काही दोष नाही. घाबरवून विकायची रीत दोघांचीही एकच आहे.

निवडीची पहिली अट त्यामुळे आजच ठरली: जे ठेवू ते एरवी गप्प बसलं पाहिजे, आणि बोललं तर ते खरंच तेच बोलतंय हे घरातल्या प्रत्येकाला ओळखता आलं पाहिजे. व्हायरस पकडण्याची टक्केवारी यानंतर बघू.

५ नोव्हेंबर

मुदत संपलेलं काढलं. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल, मग त्या कंपनीनेच दिलेलं साफसफाईचं टूल, मग रीस्टार्ट. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. अँटिव्हायरस विंडोजच्या अगदी आतपर्यंत ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्याशी जोडलेले छोटे प्रोग्राम) बसवतं आणि त्याचे तुकडे मागे राहिले की नवीन आलेलं अडखळतं.

रीस्टार्टनंतर विंडोज सिक्युरिटी उघडलं तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, म्हणजे विंडोजमध्येच येणारं अँटिव्हायरस, जागं झालं होतं. आतापर्यंत ते बाजूला सरकून बसलं होतं, कारण दुसरं अँटिव्हायरस नोंदवलं गेलं की डिफेंडर आपला पहारा थांबवतं. एकाच वेळी दोघांनी प्रत्येक फाइल अडवून तपासली तर मशीन रखडतं आणि दोघं एकमेकांनाच चोर समजतात. म्हणून ‘दोन ठेवले तर दुप्पट सुरक्षा’ हा हिशेब इथे चालत नाही.

पूर्ण स्कॅन लावून ठेवलं. शिवाय डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅनही केलं. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे विंडोजच्या आड लपून बसणाऱ्यांना लपायला जागा राहत नाही. दोन्हींत काही निघालं नाही.

८ नोव्हेंबर

आज चाचण्यांचे अहवाल. जाहिरातवजा ‘टॉप १०’ याद्या बाजूला ठेवल्या. त्यांतल्या बऱ्याच याद्या विक्रीमागे कमिशन घेतात. प्रयोगशाळांचे निकाल थेट वाचले: जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज.

एव्ही-टेस्ट तीन बाबींना प्रत्येकी ६ गुण देते: संरक्षण, मशीनवरचा भार आणि वापरातला त्रास. एकूण १८. आता गंमत अशी की नावाजलेली बहुतेक प्रॉडक्ट १७-१८ च्या आसपास दाटीवाटीने बसलेली असतात, आणि विंडोजमधलं डिफेंडरही त्याच गर्दीत असतं. म्हणजे ‘पहिला कोण’ हा प्रश्नच इथे फारसा उपयोगाचा नाही. एका फेरीत अर्धा गुण खाली गेलेला पुढच्या फेरीत वर येतो. मी मागच्या काही फेऱ्या एकत्र पाहिल्या आणि सातत्य कुणाचं आहे एवढंच टिपलं.

डिफेंडरबद्दलचं जुनं मत अजून लोकांच्या बोलण्यात आहे. ते आलं कुठून हेही कळतं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत दिलं, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर डिफेंडरला पुरं अँटिव्हायरस केलं, आणि त्यानंतरची काही वर्षं चाचण्यांत ते तळाशीच असायचं. आज ती परिस्थिती नाही. पण एक उणीव अजूनही दिसते: इंटरनेट बंद असताना त्याची पकड ढिली होते, कारण ते ओळख पटवायला क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या कंपनीच्या संगणकांवर, बरंच अवलंबून आहे. पेनड्राइव्हवरून फाइली आणणाऱ्या, नेट नसलेल्या मशीनसाठी मी दुसरं काही बघितलं असतं. इथे संगणक चालू म्हणजे नेट चालू.

खोट्या गजराचा रकाना लोक वाचत नाहीत, मी तिथेच जास्त वेळ दिला. चांगल्या फाइलला वाईट ठरवणं हा किरकोळ दोष नव्हे. २१ एप्रिल २०१० ला मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस समजून उचलली आणि ठिकठिकाणी संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत बसले. त्याहून मोठं नुकसान मला घरातलं वाटतं. तीन वेळा खोटा गजर झाला की चौथ्या वेळी माणूस न वाचताच ‘चालू द्या’ दाबतो.

९ नोव्हेंबर

कालचंच पुढे. अँटिव्हायरसला आपण मशीनमधला सर्वांत मोठा अधिकार देतो. प्रत्येक फाइल ते उघडून बघतं आणि भेट दिलेल्या प्रत्येक पत्त्याची त्याला खबर असते. मग त्यामागची कंपनी कोण, हे बघायलाच हवं.

नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा ही चार नावं वेगवेगळी वाटतात, पण आज ती सगळी जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. चार डबे समोर ठेवून आपण निवड केली असं वाटतं, मालक तोच. अव्हास्टने वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली होती. त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरचा भरणा आणि अशा विक्रीला मनाई जाहीर केली. जम्पशॉट त्याआधीच, २०२० मध्ये, बंद झाली होती. ज्याला राखणीला ठेवलं त्यानेच घरात कोण काय वाचतं ते बाहेर सांगितलं, हे मला फार गंभीर वाटतं. ‘मोफत’ म्हणून जे मिळतं त्याचा खर्च कोण आणि कशातून भागवतं हे विचारल्याशिवाय यापुढे कुणालाही काही सुचवणार नाही.

कॅस्परस्कीची गोष्ट वेगळी. चाचण्यांत ते वर्षानुवर्षं वरच्या रांगेत होतं. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली ती पकडण्याच्या ताकदीवरून नव्हे. रशियन सरकारचा कंपनीवर दबाव येऊ शकतो, या कारणावरून. एवढा मोठा अधिकार असलेला प्रोग्राम कुठल्या देशाच्या कायद्याखाली आहे, हाही निवडीतला एक प्रश्न होतो, आणि तो विंडोज बनवणाऱ्या कंपनीलाही लागू आहे. फरक इतकाच की विंडोज वापरतो तेव्हा तिच्यावर विश्वास टाकून झालेलाच असतो. आणखी एका कंपनीवर टाकायचा का, एवढंच उरतं.

१२ नोव्हेंबर

सशुल्क पॅकेजचा ट्रायल घालून पाहिला, बाबांच्या समाधानासाठी आणि माझ्याही. व्हायरस पकडण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण बरोबर व्हीपीएन आलं, पासवर्ड मॅनेजर आला, ‘संगणक वेगवान करा’ वालं टूल आलं, आणि प्रत्येकाचं वरचं पॅकेज घ्या म्हणून आठवण करणं आलं. फिरत्या डिस्कवर सकाळी डेस्कटॉप हातात यायला डोळ्यांना कळेल इतका जास्त वेळ लागू लागला.

शिवाय एन्क्रिप्ट केलेली वेब-वाहतूक तपासण्यासाठी त्याने ब्राउझर आणि बँकेच्या मधोमध स्वतःचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याची डिजिटल ओळख) बसवलं. बँकेच्या साइटवर पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कुणी दिलं ते पाहिलं, तर तिथे अँटिव्हायरसचं नाव. यामागचा हेतू वाईट नाही, पण बँकेचं पान थेट बँकेकडूनच यावं असं मला वाटतं.

सगळ्यात खटकलं ते वर्गणीचं आपोआप नूतनीकरण. पुढच्या वर्षी कार्ड बदललं की हे पुन्हा लाल चौकटी दाखवायला लागणार, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच. काढून टाकलं.

निर्णय: डिफेंडर. मोफत आहे हे त्याचं मुख्य कारण नाही. ते मुदत संपल्याचं सांगून पैसे मागत नाही, आणि ते एकच आहे. त्यामुळे बाबांना मी एक साधा नियम देऊ शकते: या संगणकात व्हायरसबद्दल पैसे किंवा फोन नंबर घेऊन जो बोलतो तो खोटा.

१५ नोव्हेंबर

नियम सांगून भागणार नाही, खरा गजर कसा दिसतो हे डोळ्यांनी बघितलेलं असायला हवं. त्यासाठी आयकारची चाचणी फाइल वापरली. ही ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. तिच्यात व्हायरस नाही, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ती व्हायरससारखीच पकडायची असं एकमताने ठरवलेलं आहे.

आई-बाबा दोघांनाही समोर बसवलं. नोटपॅडमध्ये ओळ चिकटवली, डेस्कटॉपवर सेव्ह केली. फाइल दिसली न दिसली तोच गायब. कोपऱ्यात चौकट आली: वर ‘विंडोज सिक्युरिटी’ एवढंच नाव, धोका सापडला असं शांत वाक्य, घाई नाही, पैसे नाहीत, वेबसाइटचा पत्ता नाही. मग विंडोज सिक्युरिटी उघडून इतिहासात तीच नोंद दाखवली, ‘आयकार टेस्ट फाइल’ या नावाने. आईने विचारलं, “आणि चौकट आली, पण इथे आत नोंद नसेल तर?” हाच खरा प्रश्न. नोंद नसेल तर ती चौकट खोटी. आईने तो तिच्या वहीत लिहून घेतला.

बाबांना पुन्हा करून बघायचं होतं. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी सेव्ह त्यांनी स्वतः केलं.

या फाइलने पहारा जागा आहे एवढंच कळतं. नवा, कधी न पाहिलेला व्हायरस पकडेल की नाही हे कळत नाही. तेही दोघांना सांगितलं.

१६ नोव्हेंबर

सेटिंग. क्लाउड संरक्षण चालू, टॅम्पर प्रोटेक्शन चालू (म्हणजे बाहेरचा प्रोग्राम डिफेंडर परस्पर बंद करू शकत नाही), नको असलेली अ‍ॅप अडवणं चालू. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम; ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस मुळात बंद असतं, ते चालू केलं. आता ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’मध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. लगेच स्कॅनरचा प्रोग्राम अडला, त्याला नावानिशी परवानगी दिली. दोन-चार दिवस असे अडथळे येतील, ते सोसण्यासारखे आहेत. आईच्या गोष्टी त्याच फोल्डरात आहेत.

खाती वेगळी केली. तिघांना तीन साधी खाती, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं एक वेगळं, त्याचा पासवर्ड आईकडे.

२२ नोव्हेंबर

भाचा आला. अ‍ॅडमिन पासवर्ड विचारू लागला. का? एका गेमचा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोडफाइल, टाकायचा होता. “मावशी, त्यांनीच लिहिलंय, आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर फाइल चालत नाही.”

त्याला रागावले नाही, त्याच्याबरोबर बसून ती सूचना पुन्हा वाचली. डाउनलोड झिपमध्ये, झिपला पासवर्ड, पासवर्ड तिथेच पानावर दिलेला. मी विचारलं, सगळ्यांना सांगायचाच असेल तर पासवर्ड लावला कशाला? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आत बघू नये म्हणून?” बरोबर. कुलूपबंद झिपच्या आत स्कॅनरला बघता येत नाही, आणि झिप उघडताना पकडलं जाऊ नये म्हणून पहारेकरी आधीच बंद करायला सांगतात. ती झिप व्हायरसटोटलवर टाकून बघू का, असं त्याने विचारलं. व्हायरसटोटल अनेक कंपन्यांची इंजिनं एकाच वेळी चालवतं आणि चांगलं साधन आहे, पण कुलूपबंद फाइल तिथेही सगळी हिरवी दिसू शकते. शिवाय तिथे टाकलेली फाइल इतरांना मिळू शकते, म्हणून खासगी कागद तिथे कधीच टाकायचे नाहीत.

अशा झिपमधून जे येतं ते बहुतेक वेळा पासवर्ड चोरणारं असतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) काही सेकंदांत उचलून ते निघून जातं, मागे काही मोडतोड दिसतच नाही. ल्युमा नावाच्या अशाच एका चोराची १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांत लागण झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं.

त्याला आणखी एक प्रकार दाखवला. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर असं सांगणारी पानं. तिथे हल्लेखोराची आज्ञा आपणच आपल्या हाताने चालवतो. अँटिव्हायरसने ती अडवली तर नशीब. कुठल्याही खऱ्या वेबसाइटला हे लागत नाही. मॉड गेमच्या अधिकृत दालनात मिळाला, थोडा साधा, पण चालला.

२३ नोव्हेंबर

भावोजींचा फोन. त्यांचं म्हणणं, विंडोज १० चा सपोर्ट संपला तर संपला, चांगलं अँटिव्हायरस असलं की झालं. हा समज फार पसरला आहे आणि त्याला एक कारणही आहे: डिफेंडरच्या व्हायरस-ओळखीची अपडेट विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. त्यामुळे विंडोज सिक्युरिटीत हिरवी टिकमार्क दिसत राहील. पण विंडोजमधली भोकं बुजवणारी मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली.

त्यांना वॉनाक्रायचं उदाहरण दिलं. १२ मे २०१७ ला ते पसरलं तेव्हा कुणी काही उघडावं लागत नव्हतं. नेटवर्कवरच्या एका दोषातून ते मशीनमागून मशीन पकडत गेलं. तो दोष बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. ते लावलेल्या मशीनमध्ये त्या वाटेने शिरायला त्याला जागा नव्हती, अँटिव्हायरस कुठलंही असो.

म्हणून या मशीनला विस्तारित सुरक्षा अपडेटच्या योजनेत आज नोंदवलं. विंडोज अपडेटच्या पानावरच दुवा होता, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावं लागलं. ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर दुसरा संगणक घेणं किंवा यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकणं यांतलं एक ठरवावं लागेल. बाबांचा कल नव्या संगणकाकडे आहे, माझा लिनक्सकडे, आई म्हणते तिला मराठी टायपिंग जसंच्या तसं हवं. आईचंच बरोबर आहे, म्हणून आधी लिनक्सवर तिचा कीबोर्ड तपासणार.

२९ नोव्हेंबर

बॅकअप. बाहेरची डिस्क, आईचं फोल्डर आणि सगळे फोटो. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात. जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं. दुसरी प्रत क्लाउडवर, जुन्या आवृत्त्या जपणारी सोय चालू करून. आईसमोर एक गोष्ट मुद्दाम पुसली आणि डिस्कवरून परत आणली. परत आणून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं मी धरत नाही.

बाकी: ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन बाबांच्या खात्यात घातलं, आईच्या खात्यात राहिलं आहे. बाबांच्या ईमेलला आणि बँकेला दोन टप्प्यांचं लॉगिन आहे, भाच्याच्या गेमच्या खात्याला अजून नाही. ते पुढच्या सुट्टीत तो आला की त्याच्या हातून करवून घेणार.